जुन्या ट्रेलरचे वय : कागदावरचे आणि लोखंडातले

रायपूर शहरातून बिलासपूरच्या रस्त्याला लागले, की भनपुरी, उरला, सिलतरा अशी नावे एकापाठोपाठ एक येत जातात. रोलिंग मिल, लोखंड वितळविणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि स्पंज आयर्नचे कारखाने यांनी हा पट्टा भरलेला आहे. पश्चिमेला भिलाई. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि या भागाचे लोखंडाशी असलेले नाते कायमचे ठरून गेले. सळया, बिलेट, अँगल, चॅनेल, जाड पत्रे असा माल येथून रोज बाहेर पडतो आणि त्यातील बराचसा उघड्या, सपाट ट्रेलरवरून जातो. बाजारात सळई साधारणतः १२ मीटर लांबीची मिळते; ४० फुटी ट्रेलरची लांबी १२.१९ मीटर भरते. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात म्हणूनच या गावात डोळा फिरवावा तिकडे ट्रेलर दिसतो.

जेथे ट्रेलर विपुल, तेथे जुने ट्रेलरही विक्रीला विपुल. नागपूरहून रायपूर राष्ट्रीय महामार्ग ५३ ने, म्हणजे पूर्वीच्या महामार्ग ६ ने, तीनशे किलोमीटरच्या आतच आहे. त्यामुळे विदर्भातील वाहतूकदार जुना ट्रेलर शोधताना पुष्कळदा रायपूरची वाट धरतात. रायपूर मराठी माणसाला तसे परकेही नाही. भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आहेत आणि तात्यापारा हे वस्तीचे नाव आजही त्याची साक्ष देते.

अशा खरेदीसाठी बँकेकडे येणारा एक अर्जदार डोळ्यांसमोर आणावा. वीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काम केलेला, चार वर्षांपूर्वी ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन स्वतःच्या नावावर घेतलेला, आणि आजवर मागचा ट्रेलर भाड्याने जोडून धंदा करणारा हा गृहस्थ आहे. (या पुढच्या वाहनाला वाहतूकदार ‘हॉर्स’ म्हणतात. मराठीत त्याला सुटसुटीत प्रतिशब्द रुळलेला नसल्याने येथेही तोच शब्द वापरला आहे.) त्याने रायपुरात एक ट्रेलर पाहून ठेवला आहे. २०१९ ची नोंदणी, तीन आसांचा, नुकताच लाल रंग दिलेला, किंमत नऊ लाख रुपये. तीन लाख घरचे, सहा लाख बँकेचे. घरचे तीन लाख म्हणजे पत्नीच्या पाटल्या आणि गावच्या शेतीतील हिश्शापोटी भावाने दिलेली रक्कम. सहा लाखांवर ११ टक्के दर आणि ३६ महिन्यांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे १९,६४० रुपये होतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत; परंतु प्रश्न खरा आहे. तो ट्रेलर पुढील ३६ महिने दरमहा हा हप्ता कमावून देण्याइतका तरुण आहे काय?

मागच्या पाटीवरचा क्रमांक कोणाचा?

प्रथमच ट्रेलर घेणारा मनुष्य मागे जाऊन क्रमांकाची पाटी वाचतो आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधतो. चुकीची सुरुवात येथेच होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरचीही इतर मोटार वाहनांप्रमाणेच नोंदणी व्हावी लागते. ट्रेलरला मिळालेला क्रमांक त्याच्या बाजूवर लिहावयाचा असतो. मागे लिहिलेला असतो तो ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक. म्हणजे मागील पाटी २०२२ सालच्या हॉर्सची आणि तिच्या पुढचे लोखंड २०११ सालचे, असे चित्र पूर्णतः कायदेशीर असू शकते. त्यात कोणी कोणाला फसविलेले नसते. पाहणाराच चुकीच्या ठिकाणी पाहत असतो. काही वेळा हॉर्स आणि ट्रेलर मिळून एक संयुक्त वाहन म्हणून नोंद झालेली आढळते. तेव्हा नोंदणी पुस्तकातील निर्मितीचे वर्ष दोहोंपैकी कोणाचे, हे स्पष्ट करून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.

नोंदणी पुस्तकात निर्मितीचा महिना व वर्ष हा रकाना नोंदणीच्या तारखेहून वेगळा असतो. हे दोन्ही एकाच वर्षातील असतील असे गृहीत धरता येत नाही. मोठ्या उत्पादकाचा ट्रेलर असेल, तर चासिस क्रमांक १७ स्थानांचा असतो आणि बहुतेक उत्पादक त्यातील दहाव्या स्थानी वर्षाचे चिन्ह देतात. २००१ ते २००९ साठी १ ते ९ हे अंक, २०१० साठी ‘ए’, २०११ साठी ‘बी’, असे करीत २०१७ साठी ‘एच’. त्यानंतर ‘आय’ वगळून २०१८ साठी ‘जे’, २०१९ साठी ‘के’ आणि २०२० साठी ‘एल’. या पद्धतीत ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे संपूर्ण क्रमांकात कोठेच वापरली जात नाहीत, कारण त्यांचा एक आणि शून्य या अंकांशी घोटाळा होतो. तेव्हा अशा क्रमांकात ठळक ‘ओ’ ठोकलेला दिसला, तर तो ठोकणारा हात कारखान्यातला नव्हे, अशी शंका घेण्यास जागा आहे.

परंतु रायपूर, नागपूर यांसारख्या ठिकाणी स्थानिक कार्यशाळांत बांधलेले ट्रेलरही बरेच आहेत. ट्रेलरच्या बांधणीला मान्यता देण्यासंबंधीची एआयएस-११३ ही संहिता येण्यापूर्वी तर अशा बांधणीला फारसा धरबंध नव्हता. त्यांचे चासिस क्रमांक लहान असतात आणि त्यांतून वर्ष वाचता येत नाही. तेथे क्रमांक ठोकलेल्या जागेकडेच पाहावे. रंग थिनरने पुसून काढला, की मूळ ठोकलेल्या अंकांची खोली आणि ओळ दिसते. आसपासचा पत्रा ग्राइंडरने घासलेला असेल, किंवा अंकांखाली वेल्डचा भराव जाणवत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. पेन्सिलीने कागदावर घेतलेला ठसा कर्जप्रकरणात जोडावयाचा असतो, तो केवळ उपचार म्हणून नव्हे. मूल्यांकनकाराने स्वतः घेतलेला ठसा आणि विक्रेत्याने आणून दिलेला ठसा यांत केवढे अंतर आहे, हे शाखेतील अधिकाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

एकाच वयाचे दोन ट्रेलर

कागद पूर्णतः निर्दोष निघाला, तरी तो ट्रेलर किती वर्षांपूर्वी जन्मला एवढेच सांगतो. तो किती जगला, हे मुख्य बीम सांगतात. सपाट ट्रेलर म्हणजे मूलतः दोन लांब आय-बीम, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, वर पत्रा आणि खाली आस. मागे छत नाही, भिंती नाहीत. त्यामुळे जो भार येतो तो त्या दोन बीमवरच येतो.

लोखंड एकदाच जास्त भार पडल्याने क्वचितच तुटते. ते थकते. भार चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि प्रत्येक फेरीत वेल्डच्या कडेला असलेली सूक्ष्म चीर किंचित वाढते. वेल्ड केलेल्या जोडाचे आयुष्य ताणाच्या घनाच्या प्रमाणात घटते, असा अभियांत्रिकीतील ढोबळ नियम आहे. त्याचा अर्थ व्यवहारात फार कठोर निघतो. ताण सव्वापट झाला, तर सव्वाचा घन सुमारे १.९५, म्हणजे प्रत्येक फेरीतील झीज जवळजवळ दुप्पट. ज्या ट्रेलरने पाच वर्षे सतत सव्वापट भार वाहिला, त्याचे जोड नियमाने चाललेल्या ट्रेलरच्या दहा वर्षांइतके थकलेले असतात. दोघांच्या नोंदणी पुस्तकांत मात्र एकच वर्ष असते.

लेखापुस्तकात तर याहून निराळेच वय दिसते. भाड्याने मालवाहतूक करणाऱ्या ट्रकसाठी आयकर नियमांत घटत्या शिलकेवर ३० टक्के घसारा दीर्घकाळ रूढ आहे. तो हिशेब लावला, तर दहा लाखांच्या वस्तूची पाच वर्षांनंतरची पुस्तकी किंमत १ लाख ६८ हजारांच्या आसपास येते. पुस्तकी किंमत कमी म्हणून वस्तू निकामी होत नाही आणि बाजारभाव अधिक म्हणून ती धडधाकटही ठरत नाही. ताळेबंद तपासण्याची सवय असलेल्या अधिकाऱ्याने हा मोह आवरावा.

भाराच्या मर्यादेत मध्यंतरी झालेला बदलही येथे ध्यानात घ्यावा लागतो. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ट्रेलरच्या तीन आसांच्या संचावरील सुरक्षित भाराची मर्यादा २४ टनांवरून २७ टनांवर, तर दोन आसांच्या संचावरील १९ वरून २१ टनांवर नेली आणि हॉर्स व ट्रेलर मिळून एकूण वजनाला ५५ टनांची कमाल मर्यादा घातली. २०१८ पूर्वी बांधलेला ट्रेलर जुन्या मर्यादेच्या हिशेबाने बांधलेला असतो. त्यावर नव्या मर्यादेचा भार वाहिला गेला असेल, तर त्याचे बीम त्या तीन टनांचा हिशेब ठेवून असतात.

खाली वाकून पाहताना

आपल्या अर्जदाराने सोबत नागपूरचा एक अनुभवी वेल्डर नेला आहे. ट्रेलरचा झळझळीत लाल रंग पाहून अर्जदार खूश झाला, तेव्हा मिस्त्री एवढेच म्हणाला, “भाऊ, रंगाकडे नका पाहू, चटई घ्या अन् खाली निजा.” पाहणीची खरी जागा तीच आहे.

प्रथम ट्रेलर रिकामा असताना बीमच्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरावी. काही उत्पादक बीमला मुद्दाम मध्ये किंचित वर उचललेला बाक देतात, म्हणजे भार चढल्यावर तो सरळ होतो. तेव्हा सरळ किंवा वर उचललेला बीम चालेल. रिकाम्या अवस्थेत मध्ये खाली झुकलेला बीम मात्र अतिभाराची कबुलीच देत असतो. दोन्ही बीम सारखेच झुकले असतील, तर ती सवय. एकच झुकला असेल, तर बहुधा अपघात किंवा एका बाजूला कलंडलेला माल.

त्यानंतर मान. ट्रेलरचा पुढचा भाग हॉर्सवर टेकतो, म्हणून तेथे बीमची उंची कमी केलेली असते. जेथे खोल बीम अचानक उथळ होतो त्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि पहिली चीर पुष्कळदा तेथेच जन्म घेते. दुसरे ठिकाण म्हणजे पाट्यांचे हँगर बीमला जेथे वेल्ड केलेले असतात ते. तिसरे, ट्रेलर सुटा उभा करण्याच्या पायांचे आधार. हॉर्स निघून गेल्यावर पुढचा सगळा भार या पायांवर येतो आणि खडबडीत जागेत ट्रेलर किंचित ओढला गेला, की आधाराचा वेल्ड पिरगळतो. आडव्या पट्ट्या बीमला जेथे मिळतात ती चौथी जागा. रंगातून डोकावणारी गंजाची केसासारखी बारीक तांबूस रेघ ही चिरेची सर्वांत ओळखीची खूण आहे. चीर उघडझाप करते, पाणी आत घेते आणि गंज बाहेर सोडते. ताज्या रंगाखाली ही खूण काही आठवड्यांपुरती लपते. म्हणूनच विक्रीच्या आदल्या आठवड्यात दिलेला रंग हा ग्राहकाच्या दृष्टीने सोय नसून अडचण आहे.

शंकास्पद जागा असेल, तर जुन्या कार्यशाळांतील एक पद्धत अजूनही उपयोगी पडते. रंग खरवडून जागा स्वच्छ करावी, त्यावर रॉकेल किंवा तत्सम पातळ तेल लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून कोरडे करावे आणि खडूची पूड चोळावी. चीर असेल, तर तिच्यात मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. मोठ्या कारखान्यांत रंगीत द्रवाने हीच परीक्षा शास्त्रशुद्ध रीतीने करतात. खडू हा तिचा गरीब परंतु प्रामाणिक भाऊ.

दुरुस्ती झालेली असणे हा दोष नव्हे. दुरुस्ती कशी झाली आहे, ते पाहावे. बीमच्या खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारून चौकोनी पत्रा चिकटविलेला असेल, तर त्या पत्र्याच्या कडेलाच नवा कमकुवत जोड तयार झालेला असतो आणि पुढची चीर तेथून निघते. जाणता कारागीर पत्र्याची टोके निमुळती ठेवतो आणि खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड शक्यतो टाळतो. आपल्या अर्जदाराच्या लाल ट्रेलरच्या मानेखाली नेमके असेच दोन चौकोनी पत्रे रंगाआड निघाले, असे समजावे. शिवाय बीमच्या पोटावर मध्येच एक पूर्ण उभा जोड दिसला, तर कधीतरी लांबी वाढविली गेली असण्याचा संभव असतो. नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करण्यास अधिनियमाचे कलम ५२ मनाई करते. तेव्हा टेप लावून लांबी मोजावी आणि पुस्तकाशी ताडून पाहावी.

किंगपिन, टेप आणि वजनकाटा

हॉर्स आणि ट्रेलर यांना जोडणारी एकच वस्तू म्हणजे किंगपिन. पन्नास टनांची गाडी या मनगटाएवढ्या खुंटीच्या भरवशावर धावते. प्रचलित दोन इंची किंगपिनचा व्यास नवा असताना ५०.८ मिलिमीटर असतो आणि झिजून तो ४९ मिलिमीटरवर आला, की ती बदलावी लागते. व्हर्नियर कॅलिपर घेऊन दोन दिशांनी माप घ्यावे, कारण ओढण्याच्या दिशेने झीज अधिक होते आणि पिन लंबगोल बनते. सुताराचा गुण्या लावून ती पत्र्याशी काटकोनात उभी आहे ना, हेही पाहावे. पिनच्या भोवतीचा पत्रा ताटासारखा खोलगट झाला असेल, तर पिन नवी घातली तरी दुखणे तसेच राहते.

किंगपिनचा दुसरा उपयोग मापाचा आरंभबिंदू म्हणून आहे. पिनच्या मध्यापासून पहिल्या आसाच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत टेप धरावी. दोन्ही अंतरे सारखी हवीत. तीन-चार मिलिमीटरचा फरक खपून जातो. त्याहून अधिक असेल, तर आस तिरका आहे आणि ट्रेलर रस्त्यावर खेकड्यासारखा किंचित आडवा चालतो. त्याची किंमत टायर भरतात. आसांच्या दांड्यांना जुळवणीची सोय असते, त्यामुळे थोडा फरक दुरुस्त करता येतो. परंतु लाल ट्रेलरबाबत फरक २२ मिलिमीटर निघाला आणि जुळवणी अगोदरच शेवटच्या टोकाला नेलेली आढळली, तर वाकडेपणा आसात नाही, सांगाड्यात आहे, असाच निष्कर्ष निघतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित परीक्षा मात्र वजनकाट्याची आहे. रायपूरच्या औद्योगिक भागात वजनकाट्यांना तोटा नाही. तेथे त्याला धर्मकाटा म्हणतात आणि हे नाव या कामी फारच समर्पक आहे. आपल्या अर्जदाराने आधी आपला हॉर्स एकटा काट्यावर नेला, मग रिकामा ट्रेलर जोडून पुन्हा नेला. दोन्ही वजनांतील फरक म्हणजे ट्रेलरचे रिकामे वजन. ते नोंदणी पुस्तकातील वजनाशी ताडावे. जादा चाक, साखळ्या, हत्यारांची पेटी यांचे शंभर-दोनशे किलो वजा करूनही जर पाच-सहाशे किलो जास्त भरत असेल, तर तेवढे लोखंड नंतर कोठेतरी चढविलेले आहे. ते दिसत नसेल, तर रंगाखाली आहे. शिवाय रिकाम्या गाडीत वाढलेला प्रत्येक किलो मालाच्या वजनातून कापला जातो. भाडे टनावर मिळते, तेव्हा तो तोटा प्रत्येक फेरीत होतो.

पाटे, बुश, यू-बोल्ट यांची पाहणी कोणताही बरा मिस्त्री करू शकतो आणि हे भाग बदलताही येतात. त्यामुळे त्यांवरून किंमत कमी करून घ्यावी, निर्णय मात्र त्यांवर सोडू नये. चाकाच्या नटांपासून बाहेरच्या दिशेने गंजाचे ओघळ दिसत असतील, तर नट सैल राहून गाडी चाललेली आहे. चाक जॅकवर उचलून वरखाली हलविले, की बेअरिंगमधील ढिलाई हाताला कळते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. यावरून ट्रेलरचे वय कळत नाही, मालकाची ऐपत आणि काळजी कळते.

ब्रेकबाबत मात्र सवलत नाही. हॉर्स जोडून हवा पूर्ण भरावी, इंजिन बंद करावे आणि दाबाचा काटा पाहत बसावे. काटा भराभर उतरत असेल, तर नळ्या किंवा चेंबर गळतात. त्यानंतर ट्रेलरला हवा पुरविणारी नळी काढावी. ट्रेलरचे ब्रेक तत्क्षणी आपोआप आवळले गेले पाहिजेत. हॉर्सपासून ट्रेलर निसटलाच, तर मागून येणारा मोटारसायकलस्वार वाचणार आहे तो एवढ्या एका व्यवस्थेमुळे. ही परीक्षा करण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याशी किमतीची बोलणी करण्याचे कारण उरत नाही. फिटनेस प्रमाणपत्र दाखवून तो वाद घालील. परंतु प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाचे असते. २०१८ च्या सुधारणेनंतर आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू वाहनाला दोन वर्षांचे आणि त्याहून जुन्याला एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळते. त्या मुदतीत ट्रेलर किती खड्ड्यांतून गेला, हे त्यावर लिहिलेले नसते.

कर्जाची मुदत कोणत्या वयावर?

लाल ट्रेलर नाकारला गेला. त्याच आवारात २०१५ सालचा एक ट्रेलर उभा होता असे मानू. रंग उडालेला, वरच्या पत्र्यावर बिलेट आपटून पडलेले खळगे, बाजूच्या पट्ट्या वाकलेल्या, टायर अर्धे संपलेले. किंमत साडेसहा लाख. परंतु सुतळी सरळ, किंगपिन ५०.२ मिलिमीटर, दोन्ही अंतरांत तीन मिलिमीटरचा फरक, वजन पुस्तकाप्रमाणे आणि खडूवर एकही रेघ नाही. पत्र्यावरील खळगे क्रेनच्या हलगर्जीपणाची खूण आहेत, बीमच्या थकव्याची नव्हेत. अर्जदाराने दोन लाख स्वतःचे घातले, साडेचार लाखांचे कर्ज मागितले आणि उरलेले एक लाख टायर, ब्रेक लायनर व बुश यांसाठी हाताशी ठेवले. त्याच दराने आणि मुदतीने हप्ता सुमारे १४,७३० रुपये येतो.

पहिल्या प्रस्तावात तारणाची किंमत अधिक, वय कमी आणि कागद चकचकीत होता. केवळ नोंदणीचे वर्ष पाहून मुदत ठरविणाऱ्या तक्त्यात तोच अधिक गुण मिळवून जातो. मान तडकून ट्रेलर महिनाभर कार्यशाळेत उभा राहिला असता, तर त्या महिन्याचा १९,६४० रुपयांचा हप्ता आणि दुरुस्तीचे बिल एकदमच समोर आले असते. आणि हाताशी राखून ठेवलेली रक्कम शून्य. जुन्या वाहनांची कर्जे थकतात, तेव्हा त्यामागे कर्जदाराची बेपर्वाई असतेच असे नाही. कित्येकदा ते थकलेले लोखंड असते. म्हणून मूल्यांकन अहवालात बाजारभाव आणि बाहेरून घेतलेली छायाचित्रे एवढ्यावर समाधान न मानता मानेखालचे छायाचित्र, किंगपिनचे माप, दोन्ही अंतरे आणि वजनकाट्याची पावती मागावी. यासाठी मूल्यांकनकाराला दोन तास अधिक लागतील. ते त्याला द्यावेत आणि त्याचे शुल्कही.

व्यवहार ठरल्यावर कागदांचे काम पुन्हा सुरू होते. वाहनाच्या ऑनलाइन नोंदीत ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक घालून कर, विमा, दंडाची थकबाकी आणि पूर्वीची नजरगहाण नोंद तपासावी. पूर्वीच्या वित्तसंस्थेचे कर्ज फिटले असले, तरी फॉर्म ३५ देऊन ती नोंद उतरविलेली नसेल, तर कलम ५१ खालील तिचा हक्क पुस्तकात तसाच उभा असतो. छत्तीसगडमधून महाराष्ट्रात आणावयाचे म्हणजे रायपूरच्या परिवहन कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र हवे, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० हवेत, आणि बँकेच्या नजरगहाण नोंदीसाठी फॉर्म ३४ हवा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाच्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. नागपूरच्या बाबतीत एमएच ३१, ४० किंवा ४९. तो क्रमांक ट्रेलरच्या बाजूवर रंगविला गेला आहे याची खात्री कर्जवाटपानंतरच्या पाहणीत अधिकाऱ्याने अवश्य करावी.

मिस्त्रीची एक सूचना मात्र कोणत्याही फॉर्ममध्ये नाही. पाटे व बुश बदलल्यानंतर पहिली भरलेली फेरी झाली, की गाडी उभी करून सर्व यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. नवे भाग पहिल्या भाराखाली बसतात आणि बोल्ट तेवढे सैल होतात. सिलतऱ्याहून सळया भरून निघालेल्या गाडीसाठी ही जागा साधारणतः भंडाऱ्याच्या अलीकडे येते.